नऊच्या ठोक्याची शिट्टी

कल्पना करा मुलांनो, तुमच्या घरात कपाटाएवढा रेडिओ आहे. नुसता ऐकायचा नाही, बोलायचा. आत काचेच्या नळ्या लालभडक तापल्या आहेत, जमीन थोडी थरथरते आहे, आणि तुम्ही माइकसमोर बसून विचारताय, "कुणी आहे का?" एका शनिवारी विचारलंत, दुसऱ्या शनिवारी विचारलंत, असे सात शनिवार झाले. आणि जगाच्या पाठीवरचा एकही माणूस "हो, आहे" म्हणत नाही. डोकं फिरेल की नाही?

हार्लन नोर्बी आजोबांचं फिरलं होतं. अमेरिकेत, मिनेसोटातल्या त्यांच्या गावात आणखी चार हौशी रेडिओवाले होते, पण चौघेही नव्या पद्धतीनं बोलणारे. त्या पद्धतीत जागा कमी लागते, वीज कमी लागते, आणि आजोबांच्या मते माणूस नाक चिमटीत धरून बोलल्यासारखा ऐकू येतो. त्यांना हवा होता जुन्या एएम पद्धतीचा कुणीतरी, भरदार आवाजाचा. असे लोक आता थोडेच उरलेत. ते एकमेकांना सापडावेत म्हणून एएमवाल्यांच्या मासिकानं शिस्त घालून दिली होती: शनिवारी सकाळी नऊच्या ठोक्याला, रेडिओच्या पट्टीवर ठरलेल्या जागी, तीन मिनिटं हाक मारायची, पाच मिनिटं ऐकायचं, मग पुन्हा हाक. आजोबा शिस्तीचे पक्के. वेळ सांगणाऱ्या सरकारी रेडिओ स्टेशनवरून घड्याळ लावून ते सेकंदाच्या काट्याकडे टक लावून बसत.

"या कपाटापायी माझं शिवणयंत्र दोन वर्षं जिन्याखाली पडलंय," व्हर्नाआजी म्हणाल्या. "थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी त्या कपाटाशी कुणी बोललं तर राहू दे. नाहीतर ते भंगारात."

थँक्सगिव्हिंगला तीन शनिवार उरले होते.

आठव्या शनिवारी उत्तर आलं, पण नव्या पद्धतीवाल्याचं. "अहो, तुमचं एएम शिट्टी मारतंय. कान किटले आमचे. आधी ते दुरुस्त करा, मग लोकांना हाका मारा." एवढं बोलून तो गेला.

बोलताना स्वतःला ऐकता येत नाही, ही या खेळातली पंचाईत. तेव्हा नऊ वर्षांची नात सिग्ने पुढे झाली. "आयोवात एकानं आपला रेडिओ इंटरनेटवर ठेवलाय, आजोबा. तुम्ही इकडून बोला, मी टॅबवर तिकडचं ऐकते." आजोबांनी पुढची हाक मारली, तिनं ऐकलं, आणि मान हलवली. आजोबांच्या आवाजावर किटलीसारखी लांबलचक शिट्टी होती.

आजोबांनी आठवडाभर नळ्या बदलल्या. सोमवारी बोलून पाहिलं, शिट्टी नाही. गुरुवारी पाहिलं, नाही. नवव्या शनिवारी नऊ वाजता सिग्ने म्हणाली, "आली."

"म्हणजे शनिवारी नऊलाच घरातलं काहीतरी चालू होतं," आजोबा दातओठ खात म्हणाले. "ते मी शोधून काढणारच."

दहाव्या शनिवारी साडेआठला ते फ्यूजबोर्डापुढे उभे राहिले. फ्रिज बंद. घर तापवणारी भट्टी बंद. बाहेर तळं गोठलेलं होतं.

"हार्लन, पावाच्या यंत्रात पीठ फुगलंय."

"फुगू दे."

"आणि मी कुडकुडतेय त्याचं काय?"

"कोट घाल."

घरातलं इंटरनेटही बंद झालं म्हणून सिग्नेला टॅब घेऊन शेजारच्या लॉवेलच्या स्वयंपाकघरात धाडलं. लॉवेल गळाला लावायचे मासे विकायचा. त्याच्या टाकीत हवा सोडणारा पंप होता. आजोबांनी फोन करून तोही बंद करायला सांगितला.

"माझे मासे गुदमरतील, हार्लन."

"तीन मिनिटं श्वास धरून ठेवायला सांग त्यांना."

या धांदलीत, नऊला दोन मिनिटं कमी असताना, आजोबांनी उरलेला शेवटचा खटकाही खाली ओढला. तो त्यांच्या कपाटाचा होता. लगेच वर केला, पण नळ्या गार झाल्या की पुन्हा पाच मिनिटं तापवाव्या लागतात. नऊचा ठोका पडला, आणि आजोबांना ना हाक मारता आली, ना काही ऐकता आलं.

तिकडे लॉवेलच्या स्वयंपाकघरात टॅबमधून आवाज आला. शिट्टी नव्हती. आजोबाही नव्हते. "कुणी एएमवाला आहे का? मी मिझुरीहून मर्विन हॅस्केट. हा माझा दहावा शनिवार. लोक म्हणतात माझी शिट्टी येते. सगळ्या नळ्या बदलल्या, आज बायकोचा फ्रिजसुद्धा बंद केलाय. कुणीतरी बोला आता."

"हा तर हार्लनच," लॉवेल म्हणाला. "फक्त आवाज दुसऱ्याचा आहे."

सिग्नेला एकदम आठवलं. जवळजवळ एकाच जागी दोन एएमवाले एकदम बोलले, की त्यांच्या भांडणातून शिट्टी निघते, हे आजोबांनीच तिला कधीतरी समजावलं होतं. दोघं नऊच्या ठोक्याला हाक मारत होते, दोघं एकाच सेकंदाला गप्प होत होते, आणि मग पाच मिनिटं दोघं कान लावून एकमेकांची शांतता ऐकत होते. टॅब तिथेच टाकून, कोट न घालताच ती घरी धावली.

"आजोबा, हाक मारा."

"नऊची चुकली. आता नऊ वाजून आठ मिनिटांनी. ही ऐकायची वेळ आहे."

"म्हणूनच मारा."

"मासिकात स्पष्ट लिहिलंय, सिग्ने."

"मिझुरीच्या माणसाकडेही तेच मासिक आहे."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. आयुष्यात प्रथमच त्यांनी अवेळी माइकचं बटण दाबलं, हाक मारली आणि सोडलं.

"मर्विन हॅस्केट, मिझुरी," कपाटाशेजारच्या कर्ण्यातून भरदार आवाज आला. "अरे देवा, माणूस आहे."

दारात व्हर्नाआजी कोट घालून, पिठाचे हात तसेच ठेवून उभ्या राहिल्या. आजोबांचे डोळे भरून आले. त्यांनी बटण दाबलं आणि फ्रिज, भट्टी, नळ्या, दहा शनिवारांची सगळी कहाणी सुरू केली. त्याच क्षणी मिझुरीत मर्विननंही आपल्या फ्रिजची सुरू केली.

शेजारची खिडकी उघडली. "हार्लन," लॉवेल ओरडला, "पुन्हा शिट्टी."

सिग्नेनं आजोबांच्या हातातून माइक काढून घेतला, स्टुलावर उलटा ठेवला, त्यावर उशी ठेवली आणि उशीवर मांडी घालून बसली.

"आता त्यांचा नंबर," ती म्हणाली.