तिसऱ्या ओळीनंतरचा अनधिकृत विराम

पाणीपुरवठा विभागाच्या कार्यपद्धती कक्षातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या वडिलांकडून एक गाणं दोताऱ्यावर वाजवायला शिकण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय सोमवारी सायंकाळी सव्वासहा वाजता, घराच्या गॅलरीत, दोन साक्षीदारांसमक्ष झाला. एक साक्षीदार त्याची बायको आणि दुसरे खुद्द वडील.

कारण गंभीर होतं. बाबा सुतार. हयातभर लोकांची दारं-खिडक्या केली आणि एका दाराच्या उरलेल्या लाकडातून कधीतरी हा दोतारा केला. लांब मान, दोन तारा, खाली भोपळ्याएवढं पोट. त्यावर बाबांना एकच गाणं यायचं. चाळीसेक वर्षांपूर्वी ते इतकं गाजलं होतं की न्हाव्याच्या दुकानापासून दाताच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे तेच लागलेलं असायचं. आई स्वयंपाक करताना ते गुणगुणायची आणि बाबा गॅलरीत बसून साथ द्यायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबा अजूनही रोज संध्याकाळी ते गाणं वाजवत आणि मगच पानावर बसत. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की डाव्या हाताची नस सुकत चालली आहे, बोटं फार तर दीड वर्ष साथ देतील.

"मला वाजवता नाही आलं तरी चालेल," बाबा म्हणाले. "पण ते ऐकल्याशिवाय घास उतरत नाही रे. तू शिकून घे."

अधिकाऱ्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले आणि वही मागवली.

इथे त्याची थोडी ओळख करून द्यायला हवी. ऑफिसात त्याला पाठीमागे 'परिपत्रक' म्हणत, आणि त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. नळाचा वॉशर बदलण्याची बेचाळीस पानी कार्यपद्धती त्याने एकहाती लिहिली होती. ती इतकी परिपूर्ण होती की ती लागू झाल्यापासून विभागात एकही वॉशर बदलला गेला नव्हता, कारण कर्मचारी अजून एकोणिसाव्या पानावर होते.

पहिल्या दिवशी बाबांनी शिकवणी एका वाक्यात उरकली. शेजारी बस, ऐक, गुणगुण, मग तारेवर शोध. किती दिवस, असं त्याने विचारलं. येईपर्यंत, असं बाबांनी सांगितलं. त्याने 'कालावधी' हा रकाना तीनदा वाचून पाहिला. 'येईपर्यंत' हे उत्तर त्यात बसत नव्हतं. बिचारे बाबा, त्याला वाटलं, आयुष्यभर लाकूड मोजलं आणि जे खरं मोजायचं ते राहूनच गेलं.

ही उणीव भरून काढणं मुलाचं कर्तव्य होतं. दुसऱ्या दिवसापासून तो मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ घेऊन गॅलरीत बसू लागला. बाबांचं कोणतं बोट मानेवर नेमकं कुठे पडतं ते मोजून त्याने तिथे रंगीत टिकल्या चिकटवल्या. अकरा टिकल्या, अकरा रंग. तिसऱ्या दिवशी बाबांनी खुंट्या पिळल्या आणि सगळे सूर टिकल्या सोडून दुसरीकडे राहायला गेले. त्याने विचारणा केली. हवा दमट आहे, तार सैल पडली, बाबा म्हणाले, कानाला बरं लागेल तिथे बोट ठेवायचं. त्याने वहीत लिहिलं : वादकाच्या कामात सातत्य नाही.

त्याहून मोठा घोटाळा तिसऱ्या ओळीनंतर होता. तिथे बाबा थांबत. कारण नसताना, मध्येच, नखी तारेवर धरून. सोमवारी दोन सेकंद, मंगळवारी चार, बुधवारी एक. मूळ गाण्यात असा विराम नव्हता, त्याने खात्री करून घेतली होती. वय झालंय, बोटांना दम लागत असेल, असं समजून त्याने बाबांना दुखवायचं टाळलं आणि काही विचारलं नाही. फक्त 'अनधिकृत विराम' अशी नोंद केली.

बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसे. दिवसभर लोकांना रांगेत उभं करून ती दमून येई, त्यामुळे घरात तिला सरळ उत्तरं लागत. तो वाद्य हातात कधी घेणार, असं तिने महिन्याभराने विचारलं. पूर्वतयारी चालू आहे, तो म्हणाला.

"अहो, बाळंतपणाची तयारीसुद्धा नऊ महिन्यांत आटोपते," ती म्हणाली आणि आत गेली.

तिला कळायचं नव्हतं. चौथ्या महिन्यात 'लोकप्रिय गीत दोताऱ्यावर वाजविण्याची प्रमाणित कार्यपद्धती' पूर्ण झाली. पानं चौसष्ट. बसण्याच्या पद्धतीवर सात पानं, उठण्याच्या पद्धतीवर पाच. एकतिसाव्या पानावर ठळक अक्षरांत सूचना होती : तिसऱ्या ओळीनंतर कोणत्याही कारणास्तव थांबू नये, थांबल्यास वादन रद्द समजावे. दोताऱ्याला मात्र त्याने अजून, टिकल्या चिकटवण्यापलीकडे, हात लावला नव्हता. आधी पद्धत पक्की, मग वादन, हा त्याचा शिरस्ता होता. वॉशरच्या बाबतीतही त्याने तो पाळला होता, आणि त्याच्या स्वतःच्या न्हाणीघरातला नळ गेली तीन वर्षं ठिबकत होता.

आणि इथेच त्याच्या नशिबाने उचल खाल्ली. ती चौसष्ट पानं मीटर दुरुस्तीच्या फायलींबरोबर चुकून वरिष्ठांच्या टेबलावर गेली. त्या दिवसांत प्रत्येक विभागाने लोककलेसाठी काहीतरी करून दाखवावं, असा वरून आग्रह होता. मलनिस्सारण विभागाने तर आधीच लोकनृत्याचं शिबिर घेतलं होतं. वरिष्ठांनी पहिलं आणि शेवटचं पान वाचलं आणि फाइल वर पाठवली. वरच्यांनी फक्त शेवटचं वाचलं. महिन्याभरात 'घरोघरी दोतारा' अभियान सुरू झालं आणि परिपत्रक त्याच्या प्रमाणन मंडळाचा अध्यक्ष झाला.

आपल्याला वाजवता येत नाही, हे त्याने प्रामाणिकपणे कळवलं. त्यावर खुलासा आला की अध्यक्षाला पदसिद्ध पारंगत समजण्यात येईल. त्याने तो खुलासा दोनदा वाचला. पारंगत होणं इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना त्याची मान थोडी ताठ होती, आणि जिना चढताना त्याने ते गाणं गुणगुणण्याचा प्रयत्नही केला. दुसऱ्या ओळीला ते हरवलं. हरकत नव्हती, पारंगत माणूस विसरू शकतो.

अभियान जोरात चाललं. बारा आठवड्यांच्या वर्गात पहिले अकरा आठवडे तत्त्वं शिकवली जात. मंजूर नमुन्याचा दोतारा अजून ठरला नसल्यामुळे उमेदवार पुठ्ठ्याच्या दोताऱ्यावर सराव करत. परीक्षा लेखी होती; प्रात्यक्षिक फक्त जे उमेदवार वर्गाला न बसता थेट परीक्षेला येतील त्यांचं. वर्षभरात चार हजार तीनशे जणांना प्रमाणपत्रं मिळाली आणि शहराच्या शांततेत काही फरक पडला नाही. मग कोणीतरी तक्रार केली की प्रमाणपत्र नसलेले लोक ते गाणं वाटेल तसं वाजवतात आणि दर्जा घसरतो. तक्रार रास्त होती. नियम निघाला की प्रमाणपत्राशिवाय सदर गीत सार्वजनिकरीत्या वाजवू अथवा गुणगुणू नये. सार्वजनिक म्हणजे शेजाऱ्याला ऐकू जाईल अशी कोणतीही जागा.

नोटीस घेऊन इमारतीचा सेक्रेटरी आला तेव्हा तो बराच ओशाळलेला होता. स्वतः विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण होता, पण रोज संध्याकाळी खुर्ची खिडकीशी ओढून बाबांचं वाजवणं ऐकायचा, हे सगळ्या मजल्यांना माहीत होतं. बाबांनी चष्मा लावून नोटीस शेवटपर्यंत वाचली.

"सही छान झाली आहे," ते मुलाला म्हणाले. "लहानपणी तुझं अक्षर फार गिचमिड होतं."

परिपत्रकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, बाबा, परीक्षेला बसा, तुम्हाला काय अवघड आहे. बाबा बसले. अर्जातल्या 'शिक्षण' या रकान्यात त्यांनी 'ऐकून' असं लिहिलं. तोपर्यंत त्यांची करंगळी निकामी झाली होती आणि ते तीन बोटांवर भागवत होते.

परीक्षा मीटर तपासणीच्या खोलीत होती. भिंतीशी नादुरुस्त मीटरांचा ढीग, समोर टेबल, टेबलामागे तीन परीक्षक. त्याला स्वतःला बाजूला व्हायचं होतं. पण अध्यक्ष गैरहजर असल्यास परीक्षा रद्द होते आणि पुढची सहा महिन्यांनी, हा नियम त्यानेच केलेला. सहा महिन्यांनी बाबांकडे बोटं उरणार नव्हती. म्हणून तो मधल्या खुर्चीत बसला आणि वडिलांना म्हणाला, "उमेदवाराने सुरुवात करावी."

बाबांनी सुरुवात केली. तीन बोटांवर, थोडं थरथरत, पण गाणं उभं राहिलं. डावीकडचा परीक्षक, जो मुळात मीटर रीडर होता, घड्याळाचं बटण दाबायला विसरला. दारात शिपाई येऊन थांबला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. अधिकारी मनातल्या मनात म्हणत होता, बाबा, आज थांबू नका, एवढं एकदा थांबू नका. तिसरी ओळ संपली आणि बाबा थांबले. चांगले चार-पाच सेकंद. मग चौथी ओळ सुरू झाली.

वादन संपल्यावर उजवीकडच्या परीक्षकाने एकतिसावं पान उघडलं आणि विरामाबद्दल खुलासा मागितला.

"तिथे ही... म्हणजे ह्याची आई," बाबा मुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "मीठ चाखायची. गुणगुणता गुणगुणता थांबायची, चमचा तोंडाला लावायची, मग पुढची ओळ. तोवर मी थांबायचो."

"पण विराम दर वेळी सारखा नाही, असं नोंदीत दिसतं. कधी एक सेकंद, कधी चार."

"कधी मीठ कमी पडायचं," बाबा म्हणाले.

परिपत्रकाला ते स्वयंपाकघर आठवलं. त्याच ओट्याखाली पाटावर बसून त्याने पाढे लिहिले होते, तो चमचा रोज ऐकला होता, आणि चाळीस वर्षांनी त्याने तोच घड्याळ लावून मोजला होता. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मंडळाच्या नियमावलीत सत्तेचाळिसाव्या पानावर अध्यक्षांना विशेष बाब म्हणून सूट देण्याचा अधिकार होता. फक्त अर्ज पंधरा दिवस आधी यायला हवा होता. दोन्ही परीक्षक त्याच्याकडे पाहत होते. शिपाईही पाहत होता. त्याने लाल पेन उचललं आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं : खुलासा हृदयस्पर्शी आहे, परंतु ग्राह्य नाही. खाली सही केली. सही नेहमीप्रमाणे छान झाली.

बाबा रागावले नाहीत. नियम वाचून यायला हवं होतं, चूक माझी, एवढंच रिक्षात म्हणाले. घरी येऊन त्यांनी दोतारा जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवला. त्या संध्याकाळी ते दोन घास खाऊन उठले. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी भूक नाही म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बायको नवऱ्याशी बोलेनाशी झाली.

शेवटी रविवारी परिपत्रकाने स्टूल घेतलं, दोतारा उतरवला आणि गॅलरीचं दार घट्ट लावून स्वतःचीच कार्यपद्धती पान एकपासून उघडली. सांगितल्याप्रमाणे बसायलाच वीस मिनिटं गेली. बाराव्या पानावर पाय बधिर झाले. चौदाव्या पानाबरहुकूम त्याने तार छेडली तेव्हा लोखंडी खाट ओढल्यासारखा आवाज झाला. टिकल्या सगळ्या चुकीच्या जागी होत्या.

"नळ दुरुस्त करतोयस का?" आतून बाबांनी क्षीण आवाजात विचारलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून गाणं ऐकू आलं. बायको गुणगुणत होती, आपल्याच नादात, फोडणीच्या आवाजावर आवाज चढवून. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मग ती थांबली. कढईवर चमचा वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. आणि चौथी ओळ सुरू झाली.

बाबा भिंत धरत धरत बाहेर आले आणि पानावर बसले. सगळं जेवले, वर थोडा भात मागून घेतला. तू हे शिकलीस कधी, असं त्याने बायकोला विचारलं. तीन दिवसांनी ती प्रथमच त्याच्याशी बोलली.

"शिकायचं काय त्यात? बावीस वर्षं रोज ऐकू येत होतं."

आता या अधिकाऱ्याने काय करायला हवं होतं, हे तुम्हाला कळलं आहे. त्यालाही कळलं होतं. पण चमचा वाजला तेव्हाच त्याचा हात सवयीने घड्याळाकडे गेला होता. सहा सेकंद, चमचे दोन. पुढच्या महिन्यात कार्यपद्धतीची सुधारित आवृत्ती निघाली. तीत तिसऱ्या ओळीनंतरचा विराम अधिकृत करण्यात आला असून त्याची सरासरी लांबी परिशिष्टात दिली आहे. मीठ ऐच्छिक आहे. बाबांचा निकाल मात्र जुन्या आवृत्तीनुसार कायम राहिला. आता त्यांची बोटं मिटून गेली आहेत. ते सुनेचं ऐकून जेवतात, आणि ती विनाप्रमाणपत्र गुणगुणते याकडे मंडळाचे अध्यक्ष कानाडोळा करतात. आयुष्यात त्यांनी केलेलं एवढंच धाडस.

हे अध्यक्षच हे लिहीत आहेत, हे आता लपवण्यात अर्थ नाही. चौसष्ट पानं लिहून जे आलं नाही ते आणखी चार पानं लिहून येईल, असं त्यांना अजूनही वाटतं. ही ती चार पानं. दोतारा कपाटावर आहे. तुम्ही वाचताना मधूनमधून हसलात, बरं वाटलं. मात्र तुम्हाला हे वाचायला दहाएक मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात तुमच्या घरात आतल्या खोलीतून कुणीतरी काहीतरी गुणगुणत होतं. कोणतं गाणं, ते आठवतंय का पाहा.