दोन व्याही आणि चार स्की

ओटिली फेट्झने सकाळी नाश्त्याच्या टेबलावरच वडिलांकडून वचन घेतले: आजच्या दिवसात बर्फाचे तापमान, स्कीच्या मेणाचा रंग आणि कडांचा कोन या विषयांवर ते एक शब्दही बोलणार नाहीत.

"मग बोलू कशावर?" गेबहार्डने विचारले.

"चार माणसं बोलतात तशा कशावरही. हवा..." ओटिली थांबली. "हवा नको. हवेवरून तुम्ही बर्फावर येता."

"येणारच. बर्फ हवेतूनच पडतो."

"बाबा."

"बरं. नाही बोलत."

गेबहार्ड फेट्झ जिल्ह्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत रसायनज्ञ होता आणि मोजता न येणाऱ्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. आज त्याची भावी व्याह्यांशी पहिली भेट होती, तीही स्कीच्या उतारावर. कासियान लाडनर हे आर्लबर्ग खिंडीच्या पलीकडचे, म्हणजे तिरोलचे, दंतवैद्य. दोन्ही आयांनी आलुबुखाराचा केक खाता खाता सभागृह, जेवण आणि पाद्री केव्हाच ठरवून टाकले होते. तारीख मात्र अडली होती बापांवर, आणि त्याला कारण होते. थोरल्या मुलीच्या लग्नात कासियानने तिच्या सासऱ्यांच्या स्कीच्या कडेवरून नख फिरवून धारेबद्दल आपले मत दिले होते. ते व्याही केक कापण्याआधी निघून गेले आणि त्या घरून कासियानला नाताळचे बोलावणे अजून आलेले नाही. एकाच घराण्यात हा प्रयोग पुन्हा होऊ नये, अशी ओटिलीची इच्छा होती. तिचा होणारा नवरा विटुस यानेही त्या सकाळी खिंडीपलीकडे आपल्या वडिलांकडून हेच वचन घेतले होते.

मुलांनी आणखीही एक खबरदारी घेतली होती. कोणाची स्की वरचढ यावरून वाद नको म्हणून नाताळात त्यांनी दोन्ही बापांना एकाच दुकानातून, एकाच बनावटीच्या आणि एकाच लांबीच्या जोड्या भेट दिल्या होत्या. "कुठल्या बर्फासाठी?" दुकानदाराने विचारले होते. "सगळ्याच," असे उत्तर मिळाल्यावर त्याने मध्यम रुंदीच्या दोन काळ्या जोड्या काढून दिल्या. सर्व बर्फांसाठी असलेली स्की ही सर्व रोगांवरच्या औषधासारखी असते, असे गेबहार्डचे मत होते: गुण हमखास येतो, पण तो विकणाऱ्याला. तरीही भेट ती भेट, म्हणून तो तिला वळण लावायला बसला. मार्चमधली रात्र निरभ्र असेल, तर सकाळी उतार काचेसारखा होणार. त्याने थंडीचे कडक मेण इस्त्रीने तळाला बसवले आणि कडांना टोकापर्यंत कानस मारली. खिंडीपलीकडे कासियानने तोच हवामानाचा अंदाज वाचून उलटा निष्कर्ष काढला. मार्चमधली सकाळ आखूड असते, खरा दिवस दुपारचा, आणि दुपारी बर्फाची लापशी होते. त्याने उन्हाळी मऊ मेण लावले आणि ओल्या बर्फात टोके अडकू नयेत म्हणून तिथल्या कडा बोथट केल्या. दोघेही बरोबर होते, प्रत्येकी अर्धा दिवस.

सकाळी उतार काचेसारखाच होता. गेबहार्ड रुळावरून गेल्यासारखा उतरला. कासियान दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा, हे ठरवूनच केले होते अशा मुद्रेने त्याने आकाशाकडे पाहिले. पुन्हा वर नेणाऱ्या, तारेला टांगलेल्या लिफ्टच्या बाकावर दोघे शेजारी बसले.

"दवाखाना कसा चाललाय, डॉक्टर?"

"दात किडतायत. तुमचं पाणी?"

"शुद्ध आहे."

"छान."

मागच्या बाकावरून ओटिली ऐकत होती. त्या उंचीवर अनोळखी माणसेही एकमेकांना अरे-तुरे करतात. हे दोघे अहो-जाहोवर अडलेले पाहून तिने विटुसचा हात घट्ट धरला.

"भांडत तर नाहीयेत," विटुस म्हणाला.

"भांडायला आधी बोलावं लागतं."

जेवायला ते डोंगरावरच्या झोपडीत थांबले. अशा झोपडीबाहेर शहाणा माणूस आपली जोडी कधीही एकत्र ठेवत नाही. एक स्की इथे, दुसरी तिथे. एकच स्की घेऊन चोर काय करणार, हे त्यामागचे तर्कशास्त्र, आणि ते निर्दोष आहे. गेबहार्डने एक स्की दारालगत स्की ठेवायच्या लाकडी घोडीला टेकवली आणि दुसरी सरपणाच्या ढिगामागे उभी केली. तो आत जाऊन बसल्यावर कासियान आला. त्याने परिसराचे निरीक्षण केले आणि तितक्याच निर्दोष तर्काने एक दारालगत टेकवली, दुसरी सरपणामागे.

चीज आणि तळलेला कांदा घातलेले श्पेट्झले, म्हणजे जाड मऊ शेवया, खाऊन कासियान आधी बाहेर पडला. त्याने दोन्ही ठिकाणांहून हाताला आली ती स्की घेतली. मागाहून गेबहार्डने उरलेल्या घेतल्या. दोघांच्या बुटांचे मापही एकच निघाले. अशा योगायोगाची शक्यता फार कमी असते, पण शून्य नसते. बूट खटक्यात बसले आणि कोणाला शंका यायचे कारण उरले नाही. आता प्रत्येकाच्या एका पायाखाली सकाळ होती आणि दुसऱ्या पायाखाली दुपार.

मुले पुढे निघून गेली. वरचा उतार सावलीत होता, अजून कडक. गेबहार्डने वळण घेतले. उजवा पाय बर्फात चावला, डावा वाऱ्यावर गेला. पुढच्या वळणावरही तेच. त्याने शास्त्रीय पद्धतीने कारणे मांडायला सुरुवात केली. पहिला संशय गुडघ्यावर, दुसरा श्पेट्झल्यांवर. तिसरे कारण होते अर्धांगवायू: त्याच्या काकांचाही आधी डावाच पाय गेला होता.

त्याने थांबून हसून पाहिले. तोंडाच्या दोन्ही बाजू हलत होत्या. मग त्याने स्वतःचे नाव आणि शिशाचा अणुक्रमांक म्हणून पाहिला.

"काही म्हणालात?" पलीकडे कासियान एका पायावर भार देऊन, विचारात पडल्यासारखा उभा होता.

"नाही, नाही. तुमचं ठीक चाललंय ना?"

"उत्तम," कासियान म्हणाला आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्याने आपल्या उजव्या पायाला चिमटा काढला.

खालचा उतार उन्हात होता आणि तिथे बर्फाची खरोखर लापशी झाली होती. कडक मेण ओल्या बर्फात चिकटते, मऊ मेण पळते. एक पाय चिकटला आणि दुसरा पळाला, तर माणूस चिकटलेल्या बाजूला वळतो. हे मत नाही, यांत्रिकी आहे. गेबहार्ड डावीकडून उतरत होता आणि त्याचा उजवा पाय चिकटत होता. कासियान उजवीकडून उतरत होता आणि त्याचा डावा पाय चिकटत होता.

खाली उभ्या असलेल्या मुलांना दिसले ते असे: भावी व्याही दोन बाजूंनी, हळूहळू पण ठामपणे, एकमेकांकडे सरकत होते.

"किती छान," विटुस म्हणाला. "जवळ येतायत."

"फारच जवळ येतायत," ओटिली म्हणाली.

टक्कर मऊ झाली. बर्फ मऊ होता आणि दोघांची पोटेही त्याला अनुकूल होती. चारही स्की निखळून पडल्या. ओटिली धावत वर पोचली, तेव्हा दोघे बर्फात बसले होते आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक स्की उताणी होती.

गेबहार्डने कडेवरून नख फिरवले. नखाला काहीही झाले नाही. मग सकाळपासून तुंबलेले सगळे एकदम बाहेर आले. "ही कड आहे? हिच्यानं लोणी कापलं तर लोण्याला कळणारसुद्धा नाही. असं काम करणाऱ्याच्या हाती कानस द्यायला कायद्यानं बंदी हवी."

"हे बघा, हे," कासियान आपल्या मांडीवरच्या स्कीकडे बोट दाखवत म्हणाला. "पार टोकापर्यंत धार. ह्या गाढवाला बर्फावरून उतरायचं होतं की डुक्कर कापायचं होतं? आणि हे मेण! मार्चच्या दुपारी!"

"हे माझं काम नव्हे," गेबहार्ड म्हणाला.

"हेही माझं नाही."

दोघांनी एकमेकांच्या मांडीकडे पाहिले. ओटिलीने डोळे मिटून घेतले. नाताळचे बोलावणे न येणारे दुसरे घर तिला स्पष्ट दिसू लागले.

गेबहार्डने आपला डावा पाय हलवून पाहिला. मग गेबहार्ड सावकाश म्हणाला, "म्हणजे माझा पाय ठीक आहे."

"तुमचाही पाय?" कासियान पुढे झुकला. "अहो, मला वाटलं अर्धांगवायू. वरच्या उतारावर मी मनातल्या मनात दवाखाना विकून टाकला."

"मी शिशाचा अणुक्रमांक म्हणत होतो."

"मी अक्कलदाढा मोजत होतो." कासियान हसू लागला. हसता हसता त्याने मांडीवरची स्की डोळ्यांसमोर धरली आणि एक डोळा मिटून कडेच्या रेषेत पाहिले. त्याचे हसू थांबले. "ही तू हातानं घासलीस?"

"हातानं."

"यंत्र नाही?"

"यंत्रावर माझा विश्वास नाही."

"चुकीची आहे," कासियान म्हणाला. "पण काय सरळ आहे रे. मी दाढही इतकी सरळ घासत नाही."

गेबहार्डने आपल्या मांडीवरच्या स्कीचा तळ उन्हात तिरपा केला. मेणाचा थर कुठेही जाड-पातळ नव्हता. त्याच्या लेखी याहून मोठे प्रशस्तिपत्र नव्हते. "कडांचं जाऊ दे," तो म्हणाला, "पण मेण लावावं ते तूच."

यानंतर दोघांनी दिलेली वचने रद्दबातल झाली. टोके बोथट करावीत की नाही यावर त्यांचे अर्धा उतार ऐकू जाईल असे भांडण झाले. त्यात कोणीही कोणाचे ऐकले नाही आणि दोघेही अतिशय आनंदात होते. शेवटी पुराव्यासाठी तिसरी जोडी हवी म्हणून कासियानने हात पुढे केला. "विटुस, तुझी दे."

विटुसने दिली. कासियानने नख फिरवले आणि बोट पाहिले. बोट नारिंगी झाले होते.

"हा गंज आहे."

"थोडासाच आहे, बाबा. तळघरात ओल असते."

"धार कधी लावलीस?"

"होती की. घेतल्या तेव्हा."

कासियानने स्की खाली ठेवली आणि गेबहार्डकडे वळून, रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलावे तशा आवाजात म्हणाला, "माझाच मुलगा आहे, पण सांगणं माझं कर्तव्य आहे. असल्या माणसाला पोरगी देण्याआधी विचार कर."

गेबहार्डने ओटिलीच्या हातातून तिची एक स्की घेतली आणि त्याच्यासमोर धरली. कासियान तिची नारिंगी कड बराच वेळ पाहत राहिला. वीस वर्षे उशिरा आलेले तोंड दंतवैद्य पाहतो, तसा.

विटुस काहीतरी बोलणार होता. ओटिलीने त्याच्या पायावर पाय दिला. स्कीच्या बुटातून काही जाणवत नाही, म्हणून मग तिने त्याचे तोंडच हाताने दाबून धरले.

"मे महिना धरू या," कासियान शेवटी म्हणाला. "लवकर उरकलेलं बरं. ह्यांना एकमेकांनाच करू दे. दुसऱ्या दोन चांगल्या घरांचं वाटोळं कशाला?"

"मे चालेल," ओटिली घाईघाईने म्हणाली. "गंजाचं आमचं आम्ही बघू."