अप्पांच्या फॅनबेल्टचा सत्कार

आमच्या अहमदपुरात माणसांचे सत्कार नेहमीच होतात. फॅनबेल्टचा सत्कार करणारे शिवलिंगअप्पा एकटेच.

अप्पा आमचे शेजारी. पेंडीचं दुकान होतं, आता बंद. कपाळावर भस्माचे पट्टे, आणि तेच भस्म रोज सकाळी जुन्या पांढऱ्या गाडीच्या बोनेटलाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचून मास्तर झालेला मी पहिला. माझ्या परीक्षांना लातूरला अप्पांनीच मला या गाडीतून नेलं. त्यामुळे मी त्यांना हसतो तेही हात जोडूनच.

अप्पांचा नियम एकच : "भाग तुटायच्या आधी उतरवायचा. मानानं."

पंचमीला लेकीला सासरहून आणायला अप्पा स्वतः मुराळी म्हणून भोकरला जातात. वर्षातली गाडीची मोठी फेरी तेवढीच. त्याआधी रशीदभाई मिस्त्री घरी येऊन गाडी तपासतात. यंदा फॅनबेल्टवर बारीक भेगा दिसल्या.

"अप्पा, आणखी एक पंचमी आरामात काढंल हा," रशीदभाई म्हणाले.

"काढंल म्हणून ठिवायचा? लेक गाडीत अन् मी रस्त्यात बोनेट उघडून उभा! व्याही काय म्हणतील?"

"म्हणतील, बेल्ट जुना होता."

"तू त्यांच्याकडून बोलून राहिलास का माझ्याकडून?"

नवा बेल्ट बसला. जुना पाटावर विराजमान झाला. त्याला टॉवेल-टोपी, नारळ. अप्पांनी भाषण केलं, "यांनी कधी दगा दिला न्हाई. तशी पाळी यांच्यावर येऊ नये, म्हणून आज आपण यांना मोकळं करून राहिलो." आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. हसू येत होतं; पण झिजलेल्या रबराला 'यांना' म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मग अप्पा गाडी चालवून बघायला बसले. अंगणात मागं घेतली, आणि ब्रेकवर पाय जायला जरासा उशीर झाला. हत्यारांची पेटी चेपली. रशीदभाई उडी मारून बाजूला झाले, म्हणून वाचले.

"काय झालं न्हाई, अप्पा," ते धापा टाकत म्हणाले. "ब्रेक नवे टाकू."

"ब्रेक मागल्याच साली टाकलेत."

अप्पांनी गाडी बंद केली. मग उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "मास्तर, भोकरला गाडी तू चालव."

"अप्पा, तुम्ही अजून लई वर्षं चालवाल."

"हाव. म्हणूनच."

रशीदभाईंनी हात पुसले. बेल्टवरचा टॉवेल उचलून अप्पांच्या खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, भाषण."

वर्गात तासभर न थांबता बोलणारा मी. "यांनी कधी दगा..." एवढंच म्हणता आलं.

अप्पांनी टोपी सारखी केली आणि डावीकडचं दार उघडून आत बसले. ती बाजू त्यांना नवी होती. गुडघे कुठं ठेवावेत ते कळेना.

"लेकीला यातलं काही सांगू नको," ते म्हणाले. "म्हणावं, अप्पाला यंदा शेतं बघत यायचं होतं."