दोन हजार तीनशे सोळा मेंढे

माझ्या हातून चूक होत नाही! हे मी कॅसाब्लांकातल्या आमच्या कचेरीत रोज सकाळी, पुदिन्याच्या चहाचा पहिला घोट घेता घेता सांगायचो. बस कंपनीचा डेटाबेस मी सांभाळतो. देशभरात कोण कुठल्या बसनं, कुठल्या सीटवर, काय सामान घेऊन चाललंय, ते सगळं माझ्या ताब्यात. चौदा वर्षांत एक नोंद हरवू दिलेली नाही. उलट, इतरांनी शहाणं व्हावं म्हणून बारा नियम लिहून चहाच्या टेबलावर चिकटवले होते. त्यातला पहिलाच नियम: चालू नोंदीत हात घालायचा नाही.

"बूशाइबसाहेब, हे नियम तुम्ही स्वतः पाळता का हो?" असं नुझ्हा विचारायची. नुझ्हा म्हणजे आमची बुकिंगप्रमुख. ही बाई रोज सकाळी आठ वाजता सगळ्या प्रवासी याद्या कागदावर छापून कपाटात ठेवते. या जमान्यात! त्या कागदांवरून मी तिला 'मेथीच्या जुड्या बांधायला ठेव' म्हणून चिडवायचो.

तर, मोठ्या ईदेला, म्हणजे बकरी ईदेला, दोन दिवस उरलेले. सकाळी दहाला सासूबाईंचा फोन आला. लाला ततो त्यांचं नाव; राहतात आझरूला, डोंगरात. गेल्या ईदेला मी विकत आणलेला मेंढा पाहून त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, "शिंगं लावलेलं मांजर आणलंय जावयानं." म्हणून यंदा त्यांनी स्वतः वर्षभर एक मेंढा पोसला होता आणि तो घेऊन त्या संध्याकाळी पाचच्या बसनं आमच्याकडे निघणार होत्या.

"बूशाइब, तिकिटावर 'एक पिशवी' लिहिलंय रे. माझा मेंढा काय पिशवी आहे?"

"नाही हो, लाला ततो."

"मग यादीत मेंढा लिही. नाहीतर कंडक्टर त्याला डिकीत घेणार नाही. आणि मेंढा नाही पोचला, तर यंदाची ईद नाही, आणि तुझं तोंडही मला दाखवायचं नाही!"

एक शब्द तर बदलायचा होता. दोन ओळींचा हुकूम लिहिला. पहिली ओळ: सामानाच्या रकान्यात 'एक मेंढा' लिही. दुसरी ओळ: फक्त लाला ततोंच्या तिकिटावर. माउसनं दोन्ही ओळी निवडल्या आणि बटण दाबलं.

दोन्ही कुठल्या! माउस आधीच सुटला असावा. निवडली गेली फक्त पहिली ओळ. पडद्यावर नम्रपणे अक्षरं उमटली: 'दोन हजार तीनशे सोळा नोंदी बदलल्या.'

आकडा मी पुन्हा वाचला. आज आणि उद्या प्रवास करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या नावावर मी एकेक मेंढा चढवला होता. तान्ह्या बाळांच्यासुद्धा! कुणाच्या आधी दोन बॅगा होत्या, कुणाची शिलाई मशीन होती, ते सगळं पुसलं गेलेलं. परत फिरवायची सोय आधीच लावून ठेवा, हा माझाच चौथा नियम. ती लावली नव्हती.

हरकत नाही, म्हटलं, बॅकअप आहे! 'बॅकअप यशस्वी' असा मेल मला रोज सकाळी येतो आणि तो वाचल्याशिवाय मी दुसरा कप भरत नाही. कालची फाइल उघडली. आकार शून्य. परवाची शून्य. डिस्क आठ महिन्यांपूर्वीच गच्च भरली होती आणि तो बिचारा प्रोग्राम, दुसरं काहीच जमत नसल्यामुळे, रोज तेवढा मेल पाठवत होता.

मी खरंच घाबरलो, वाचकहो. थट्टा नाही.

तेवढ्यात मालक हाज मिलूदी दारात उभे! हातात फोन, चेहऱ्यावर चंद्र उगवलेला.

"बूशाइब! मराकेशहून फोन होता. एका बसमध्ये अठ्ठेचाळीस प्रवासी आणि अठ्ठेचाळीस मेंढे!"

"हाजसाहेब, त्याचं काय झालं..."

"लोकांचा विश्वास आहे रे आपल्यावर! डिकीत मावणार नाहीत म्हणतो तिथला माणूस. मी लॉऱ्या मागवल्यात. पेंढा पण सांगितलाय. तू काय म्हणत होतास?"

"छान झालं, म्हणत होतो," असं म्हणालो. आयुष्यात इतकं भित्रं वाक्य मी दुसरं उच्चारलेलं नाही.

मग फोनच फोन! अगादीरला एक निवृत्त न्यायाधीश कंडक्टरला सांगत होते की माझ्याकडे मेंढा नाही, आणि कंडक्टर म्हणत होता, "यादीत आहे, साहेब. लपवू नका." एस्साविराला एका पाहुण्या फ्रेंच जोडप्यानं भांडण टाळायला खरोखरच मेंढा विकत आणला. फेस शहरात एक बस तासभर खोळंबली, कारण ड्रायव्हर मेंढे यायची वाट पाहत होता.

मी नुझ्हाच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. हळूच म्हणालो, "नुझ्हा, ते तुझे कागद... अजून आहेत का?"

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. सगळं समजली. "मेथीला बांधले नाहीत अजून," म्हणाली आणि कपाट उघडलं.

सहा जण बसलो, दार लावून. हाजसाहेबांना सांगितलं, ईदेची तपासणी चालू आहे. कागदावरून एकेक नोंद पुन्हा टाइप केली. दोन बॅगा. एक शिलाई मशीन. खरेखुरे मेंढेवाले तीसेक निघाले, त्यांचे मेंढे ठेवले. डोंगराकडच्या गावांचे कागद मी घेतले होते. बोटं आपोआप चालत होती, डोकं बंद होतं. पावणेपाचला नुझ्हानं शेवटचा कागद पालथा ठेवला आणि मी खुर्चीत मागे रेललो. वाचलो!

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"बूशाइब." आवाज थंडगार. पाठीमागे मेंढ्याचं बेंऽऽ. "बस गेली."

"कशी काय गेली?"

"कंडक्टर म्हणाला, यादीत एक पिशवी आहे. ही पिशवी आहे का, म्हणून विचारलं त्यानं मला, मेंढ्याकडे बोट दाखवून. आणि इथे स्टँडवर सगळे सांगतायत की आज सकाळपासून साऱ्या देशाला फुकट मेंढे मिळाले यादीत! अरे, परक्यांना मेंढे वाटलेस आणि सासूला पिशवी?"

आझरूचा कागद मीच टाइप केला होता. जसाच्या तसा, सकाळी आठचा, 'एक पिशवी'. एका शब्दासाठी सगळा खटाटोप, आणि तोच शब्द मी स्वतःच्या हातानं पुसला होता.

हाजसाहेबांची मला भीती वाटते. पण लाला ततोंपुढे त्यांची काय बिशाद! मी सरळ त्यांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. निसटलेली ओळ, शून्याचे बॅकअप, न्यायाधीश, सगळं.

हाजसाहेब उठून उभे राहिले. खिडकीबाहेर पेंढ्याचा ढीग दिसत होता.

"म्हणजे मेंढे नाहीतच?"

"एक आहे, हाजसाहेब. आझरूला."

त्यांनी फोन उचलला. मला वाटलं, माझा हिशेब आटोपला. पण ते म्हणाले, "मेकनेसची लॉरी रिकामी उभी आहे ना? आझरूला पाठव. हो, एकच. हो रे बाबा, एका मेंढ्यासाठी! आणि पुढच्या सीटवर एक बाई बसतील, त्यांच्याशी नीट बोल." मग माझ्याकडे वळले. "चहाच्या टेबलावरचा तो कागद काढ. आणि आजपासून सकाळचे कागद तू छापायचे. नुझ्हा तपासेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत पन्नास मेंढे मावतील एवढी लॉरी शिरली. मागे पेंढ्याच्या गादीवर एकटा मेंढा राजासारखा उभा, आणि पुढे लाला ततो. सगळे शेजारी गोळा झाले.

"माझ्या जावयानं पाठवली," त्या खाली उतरत म्हणाल्या. "त्याच्या शब्दाला कंपनीत फार वजन आहे. बसमधून नको म्हणाला, मेंढ्याला त्रास होईल."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. दुरुस्ती करायला मी तोंड उघडलं होतं, खरं सांगतो. पण मिटलं. चालू नोंदीत हात घालायचा नाही, हा माझाच पहिला नियम आहे!