पलंगाचे पाय कापिले त्याची हकीकत

श्री

नमन फरशीस, जी सपाट दिसते. नमन भिंतीस, जी सरळ दिसते. नमन मापाच्या टेपेस, जी खरे सांगते आणि कोणी ऐकत नाही.

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास, शुद्ध पक्ष. ते समयी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक गॅलरी इतके राज्य होते. त्याचे नाव विचारू नये. त्यावर दिगंबरराव राज्य करीत होते. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोहोचवून ते निवृत्त जाहले होते, आणि राणीसाहेब कुमुदिनीबाई श्रावणात न्हाणीघरात घसरून पडल्या, आणि खुब्याचा सांधा बदलावा लागला, आणि राज्यात निजावयास एक दिवाण, तो जमिनीपासून वीतभर, म्हणून त्या धाकटे बंधू शशिकांत यांचे घरी राहिल्या. डॉक्टरांनी निक्षून सांगितले की वीस इंचाखाली बसावयाचे नाही, बसल्या तर सांधा निखळेल. मग शशिकांत राजांस म्हणाले, "दाजी, दुकानातून पलंग पाठवतो. दोन तासांत दारात." राजे बोलिले की नको, पलंग आम्ही स्वहस्ते करू. शशिकांत म्हणाले, "तुम्ही? अहो दाजी, तुमच्या घरी खिळा ठोकायला मी येतो!" हे वाक्य राजांस लागले, ते निघेना. दुसरे दिवशी राजांनी यंत्रे आणविली.

यंत्रे आली ती खोक्यांतून आली. ड्रिल मशीन आले, रंधा मशीन आले, आणि कटर मशीन आले, ज्याची चक्री करवत बटणास बोट लावताच किंचाळे आणि सागवानाची फळी श्वास सोडावा इतक्यात दोन करी. राजे पहिल्या दिवशी नुसतेच कापीत राहिले. काय कापावयाचे ते ठरले नव्हते. भुसा उडाला, तो देवघरात गेला, तांदळाच्या डब्यात गेला, राजांच्या कानात गेला, आणि खालच्या मजल्यावरून निरोप आला की आमचे आजोबा दुपारी निजतात. मग राजे चुकले, पुन्हा कापिले, पुन्हा चुकले, आणि पंधरा दिवसांनी अष्टमीस पलंग उभा राहिला. वीस इंच, बरोबर. रंध्याने इतका गुळगुळीत केला होता की हात ठेविला तर घसरे. चौतीस वर्षांत आपल्या हातून एक वस्तू जाहली, असे राजांस वाटले आणि ते पलंगाभोवती तीन वेळा फिरले. एका पायाखाली मात्र पोळी सरकेल इतकी फट होती.

संध्याकाळी राणीसाहेबांचा फोन आला. बोलिल्या, "झाला का हो?" राजे म्हणाले, "झाला. जरासा डुलतो, तेवढं काढतो." बोलिल्या, "डुलला तर डुलू द्या. उंची तेवढी ठेवा. मला माझी मी उठता आलं पाहिजे. इथे वहिनी हात देते, रोज देते, हसून देते, पण तिचा हात धरून उठताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. दसऱ्याला मला घरी यायचंय." राजे म्हणाले, "येशील."

दुसरे दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा करावी आणि हत्यार उचलू नये ही रीत. राजांनी नोकरीत असता याच दिवशी पंचिंग मशीनला फूल वाहिले होते; आता स्वतःची हत्यारे. पाटावर तिन्ही यंत्रे मांडिली, गंध लाविले, झेंडूच्या माळा घातल्या आणि शेजारच्यांस पाहावयास बोलाविले. निमकरवहिनी आल्या. पेढा घेतला आणि पलंगाच्या कडेवर हात टेकविला. पलंग टक्‌ म्हणाला. पुन्हा टेकविला. टक्‌. निमकरवहिनी हसून म्हणाल्या, "अगं बाई, भाऊजी, पलंग बोलतो की तुमचा! रात्रभर कुमुदशी गप्पा मारेल." सगळे हसले, आणि निमकरवहिनींनी तेथूनच फोन लावून राणीसाहेबांसही हे ऐकविले. राजेही हसले. तळमजल्यावरचे भागवत मिस्त्री, ज्यांनी साठ वर्षे सुतारकी केली आणि ज्यांस आता डोळ्यांनी धड दिसत नाही, ते तेवढे हसले नाहीत. ते फरशीवर तळहात फिरवीत बसले होते.

सर्व गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "साहेब, पलंग सरळ हाय. फरशी उतरती हाय. गॅलरीकडं पाणी जावं म्हणून गवंड्यानं उतार काढलाय. पाचर घाला, काम खलास."

"पाचर म्हणजे ठिगळच की मिस्त्री."

"ठिगळ कसलं? माझ्या बापानं केलेल्या देव्हाऱ्याला पाचर हाय. देवाला चालती."

"एक पाय किंचित कापला तर?"

"तीन पाय लांब हायेत का एक आखूड हाय, हे कुणी सांगितलं तुम्हाला? आणि आज हत्यार टेकलंय. आज नका. कापलेलं लाकूड माघारी येत नाही, साहेब." इतके बोलून मिस्त्री कठडा धरून जिना उतरून गेले.

राजे पलंगासमोर बसले. पलंग गप्प होता. राजांनी स्वतःच कडेवर हात टेकविला. टक्‌. मग राजांनी माळ काढिली, कटर मशीन उचलिले, आणि पलंग आडवा करून

एक पाय कापिला.

आणि पलंग उभा केला, तो दुसरीकडे डुलला. मग दुसरा कापिला. काप तिरका आला, म्हणून तोच पुन्हा. आता बाकीचे दोन लांब, म्हणून तेही. पलंग एकोणीस इंच. मग वाटले येथे फरशी वाईट आहे, म्हणून पलंग भिंतीशी नेला, तेथे वेगळाच डुलला, म्हणून तेथे कापिला. पलंग साडेसतरा. मग पुन्हा पहिल्या जागी आणिला. हातकरवत असती तर राजांचा दंड भरून आला असता आणि ते पाणी प्यावयास उठले असते आणि पाणी पिता पिता शहाणे जाहले असते. परंतु यंत्र थकत नाही, बोट लावावे आणि पाय पडावा, बोट लावावे आणि पाय पडावा. सोळा. पंधरा

(येथे तीन ओळी भुशाने झाकिल्या आहेत. झाडून पाहिल्या, वाचता येत नाहीत.)

दिवेलागणीस पलंग डुलेना. राजांनी वाटीत काठोकाठ पाणी भरून मधोमध ठेविले आणि चारी कोपरे दाबिले. पाणी हलले नाही. मग राजांनी टेप हाती घेतली, थोडी ओढिली, आणि न मोजता सोडून दिली. यावरून कळते की त्यांस ठाऊक होते.

दशमीस राणीसाहेब आल्या. वॉकर टेकीत, शशिकांत मागे दोन्ही हात पसरून, असे तीन मजले पाऊण तासात चढल्या. प्रत्येक मजल्यावर थांबत, आणि म्हणत, "आलंच." राजांनी दारात भाकरतुकडा ओवाळिला. राणीसाहेब आत आल्या, घराचा वास घेतला, हसल्या, आणि मग पलंग पाहिला.

बोलिल्या, "अहो, हा पलंग की पाट?"

कोणी हसले नाही. त्यांसच मग हसू येईना. वाकता येत नव्हते म्हणून वॉकरच्या पायाने पलंग हलवून पाहिला.

"डुलत नाही," राजे म्हणाले.

"ताई, बसू नकोस हं," शशिकांत म्हणाले. "दाजी, हे काय केलंत? बारा इंच तरी आहे का?"

राजे म्हणाले, "विटा लावतो. आत्ता लावतो. खालून आणतो. अर्धा तास."

राणीसाहेबांनी राजांकडे पाहिले. रागावल्या नाहीत, हे फार वाईट जाहले. बोलिल्या, "मी तुमच्याकडे उंची मागितली होती. तुम्ही निमकरवहिनींना उत्तर देत बसलात." मग म्हणाल्या, "लावा विटा. पण तोवर मी कुठे बसू?" आणि राज्यात चहूंकडे पाहिले. दिवाण वीतभर. खुर्च्या वेताच्या, मध्ये खोल गेलेल्या. स्वयंपाकघरात पाट. "किती वेळ उभी राहू हो मी माझ्या घरात?"

शशिकांत म्हणाले, "चल ताई." राणीसाहेब नाही म्हणाल्या नाहीत. उतरताना कोणत्याही मजल्यावर थांबल्या नाहीत.

राजे खाली जाऊन विटा घेऊन आले. सोळा विटा, तीन खेपा. तोवर खाली गाडी नव्हती. विटा दाराशी ठेवून राजे पलंगावर बसले, आणि बराच काळ बसले, आणि मग उठावयास गेले. गुडघे उराशी आले होते. उठवेना. इकडे धरावयास पाहिले, तिकडे पाहिले, गुळगुळीत लाकडावरून हात घसरला. शेवटी फरशीवर गुडघे टेकून, दोन्ही हात टेकून, रांगत भिंतीपर्यंत गेले आणि ती धरून उठले.

एकूण हकीकत ऐसी की पलंग मजबूत आहे. राणीसाहेब भावाचे घरी आहेत. तेथे वहिनी रोज हात देतात, आणि हसून देतात.