विजयाची फेरी

“सोनं माझंच! बाकीच्यांनी चांदीसाठी भांडावं!” आयचुरेकने अख्ख्या वसतिगृहात जाहीर करून टाकलं होतं. मध्य आशियातल्या विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धा यंदा बिश्केकमध्ये, म्हणजे तिच्या घरच्याच मैदानावर होत्या. भाचीला हुरूप यावा म्हणून केनेशमामा डोंगरातल्या गावाहून खास आले होते. येताना कळपाच्या म्होरक्या बोकडाच्या गळ्यातली घंटाच काढून घेऊन आले!

“फेऱ्या मोजत बसू नकोस,” प्रशिक्षक गुलसायराबाईंनी बजावलं. “घंटा वाजली की शेवटची फेरी. मग जीव तोडून पळ.”

शर्यत सुरू झाली आणि आयचुरेक पुढेच राहिली. मामा नेमके शेवटच्या रेषेजवळ बसलेले. भाची समोरून गेली तसं त्यांना राहवेना. घणघणघण!

घंटा! आयचुरेक उधळलेल्या घोडीसारखी सुटली. फेरी मारून तिने रेषा ओलांडली, तेवढ्यात पंचांची खरी घंटा वाजली. आपल्याच स्वागताला वाजली असं समजून तिने गुडघे टेकले, जमिनीचा मुका घेतला आणि कुणाच्या तरी हातातला झेंडा ओढून खांद्यावर पांघरला.

“अगं, एक फेरी! अजून एक फेरी!” पंच जिवाच्या आकांताने ओरडले.

“विजयाची? घेते की!” ती लाजून म्हणाली.

आणि निघाली रमतगमत, लोकांना हात हलवत! ताश्कंदची मफ्तुना शेजारून जाताना ओरडली, “वेडे, पळ ना!”

“जळू नकोस गं!”

मागून येणाऱ्या सगळ्याजणी एकेक करून पुढे गेल्या. बिचाऱ्या किती दमल्यात, म्हणून आयचुरेकने त्यांच्यासाठी टाळ्यासुद्धा वाजवल्या!

पलीकडच्या वळणावर तिला फलक दिसला. पहिली : मफ्तुना. झेंडा तोंडावर ओढून तिने उरलेली वाट कशीबशी संपवली. सगळ्यांत शेवटी. गुलसायराबाईंनी तोंड फिरवलं होतं.

“मी आपली सहज वाजवली गं,” मामा रडवेले होऊन म्हणाले. त्या चेहऱ्याकडे बघून तिला रागावताही येईना.

“गावात कळवू नका हं, मामा.”

मामा घंटा खिशात कोंबू लागले.

“मामा?”

“तू झेंडा घेतलास ना, तेव्हाच फोन केला. पोरगी जिंकली म्हणून.”

इतक्यात बाबांचाच फोन आला. “पुढचं टीव्हीवर पाहिलं आम्ही,” ते म्हणाले. आयचुरेकने झेंडा पुन्हा तोंडावर ओढला.

“आता मेंढी तर कापून झालीय, ती काही उठून चालू लागायची नाही. गाव जेवायला बसणार आहे. तूही ये. आणि हे बघ पोरी, घर आल्याशिवाय थांबू नकोस!”