भाकरीएवढं अंतर

तांबवाडीत तुटलेला हात परत उगवतो; फक्त त्यानं केवढं व्हायचं, हे त्याला रोज सांगावं लागतं. सांगायची रीत सोपी आहे. समोरच्या माणसाला हात जोडायचे. नवा हात जुन्याला भिडला की त्याला माप कळतं. देवाला जोडलेले हात चालत नाहीत, कारण देवापुढे सगळंच लहान.

भामाक्काचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला आणि परत आला तो तान्ह्या पोराएवढा. पाडव्याचा दिवस मावळेपर्यंत वाढला नाही तर जन्मभर तेवढाच राहणार होता, आणि आक्काची तर खानावळ.

सरपंच हिंदुराव स्वतः आले.

"आक्का, मी बसतो की रोज समोर. जोडा हात."

"न्हाई."

"अवो, हाताचा प्रश्न हाय."

"मालक तापानं फणफणत हुते तवा गाडीसाठी दारोदार हात जोडले. तुमच्या बी दारात. एक गाडी निघाली न्हाई, आन् मालक गेलं. आता या गावात कुणाला हात जोडायची न्हाई मी."

हिंदुरावांनी टोपी नीट केली. यावर ठरावही करता येत नव्हता.

आक्का हट्टाला पेटली की चूल परवडली. तिनं परात बाजूला सारली आणि गिऱ्हाइकांसमोर भाकरी दोन तळव्यांमध्ये धरून थापायला घेतली. नवा हात पिठापलीकडून जुन्याला चाचपू लागला. जाड भाकरीतून त्याला नीट कळेना, म्हणून ती भाकरी पातळ करत गेली. हात वाढू लागला. गिऱ्हाइकं चवीला खूश होती, पोट मात्र भरत नाही म्हणत.

पाडव्याला आक्काच्या भाकरीतून पलीकडची चूल दिसत होती. दुपारपासून मात्र हात वाढेना.

हिंदुरावांनी दोन्ही हात शेजारी धरून बघितले. उजवा कमी होता, बरोबर एका पातळ भाकरीच्या जाडीएवढा.

"दिस मावळायला येळ हाय अजून," ते म्हणाले. मग खाली बघत त्यांनी स्वतःच हात जोडले. "तवा आमचं चुकलंच, आक्का. आता तुम्ही बी एकदा जोडा. तेवढं भरून निघंल."

आक्कानं हात उलटसुलट करून बघितला. तिला रडू आलं, ते तिनं येऊ दिलं.

"ऱ्हाऊ द्या कमी," ती म्हणाली. "तेवढं मालकांचं."

मग तिनं पुढचा गोळा घेतला आणि सरपंचांना जेवायला बसायला सांगितलं.